आपटून पाहिलेलं नाव

फांगालुआ, सावाई बेट, सामोआ
सप्टेंबर अखेर

प्रिय औकुसो,

फोन ठेवलास तो ठेवलासच. "आधी माझ्या गुडघ्यांना विचार" म्हणालास आणि गप्प झालास. मी दुकानाच्या पायरीवर तसाच फोन कानाला धरून बसले होते, तर रॉकेल न्यायला आलेल्या बायका विचारायला लागल्या, अमेरिकेत कोण गेलं? म्हटलं, गेलं कुणी नाही, यायला तयार नाही. म्हणून आता पत्र. फोन मधेच ठेवता येतो. पत्र ठेवून दिलंस तरी ते टेबलावरून तुझ्याकडे बघत राहील, आणि ते माझं अक्षर आहे हे तू विसरू शकणार नाहीस.

आधी बातम्या. मोठी डुकरीण व्याली, पिल्लं सगळी जगली. चर्चचं छत पुन्हा गळतंय आणि पाळकसाहेब पुन्हा दानधर्मावर प्रवचन देतायत. नीरफणस यंदा इतका आलाय की शेजारी एकमेकांना भेट देण्याच्या निमित्ताने एकमेकांच्या दारात टाकून पळतात. आणि काका गेल्यापासून घराण्याच्या मुखियाचं तुआलांगी हे नाव रिकामं आहे ते आहेच. घराण्याची बैठक झाली, परत झाली, आणि दोन्हीदा जेवून उठली. नाव कुणाला द्यायचं ते ठरलं की डुकरं कापणं थांबणार, त्यामुळे ठरवायची घाई कुणाला नव्हती. शेवटी तुझं नाव निघालं. मी तुला कळवलं. तू नको म्हणालास. मुखिया व्हायचं तर सभेच्या घरात खांबाला पाठ लावून तासन्‌तास मांडी घालावी लागते आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांत आता हाडांपेक्षा लोखंड जास्त आहे, हे तुझं कारण. कारण खरं आहे. पण मी तुझी बहीण आहे. एका खऱ्या कारणामागे दुसरं खरं कारण लपवायची तुझी लहानपणची खोड मला पाठ आहे.

तू अमेरिकेत विमानतळावर सामान चढवायचास तेव्हा त्या कुस्तीच्या कंपनीच्या मालकाने तुझी मान पाहिली आणि तुला बोलावून घेतलं, हे तू आईला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा आई म्हणाली होती, मान बघून बैल घेतात. त्या माणसाने तुझं नाव विचारलं. औकुसो त्याला पसंत पडेना. घाबरवणारं एखादं नाव घरात आहे का, म्हणाला. तुझ्या डोळ्यांपुढे काका उभे राहिले असणार. घरात सगळ्यांत भीती कुणाची वाटते, असा प्रश्न असता तर उत्तर अगदी बरोबर होतं. पुढच्या आठवड्यात भिंतीभिंतीवर कागद लागले: महासरदार तुआलांगी, जंगली बेटाचा राजा. अनवाणी, लुंगी नेसलेला, केस पिंजारलेला. त्या माणसाचीही चूक नाही. त्यांच्याकडे नाव म्हणजे पाटी, कुणाच्याही दारावर ठोकता येते. आपल्याकडे नाव म्हणजे पाट. त्यावर एका वेळी एकच माणूस बसतो, आणि तेव्हा त्यावर काका बसलेले होते.

त्यातून तुला नेमून दिलेलं काम काय, तर हरायचं. सोनेरी केसांचा कुणीतरी पोरगा मोठा करायचा असला की त्याच्यापुढे महासरदाराला घालायचे. तू गुरगुरायचास, त्याला डोक्याने ढुशी मारायचास, लोकांच्या शिव्या खायचास, आणि वेळ झाली की पाठ टेकायचास. त्याच्या टेपा ऑकलंडच्या चुलतभावाकडून बोटीने माझ्या दुकानात यायच्या. गावातला चालू टीव्ही तो एकच, म्हणून सगळं गाव दुकानासमोर चटया टाकून बसायचं. मध्येच संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजायचा आणि टेप थांबवावी लागायची. एकदा तर तुझ्या मानेवर बूट ठेवलेल्या अवस्थेत तू अख्खी प्रार्थना काढलीस. आईने त्या दिवशी डोळे उघडे ठेवून देवाचं नाव घेतलं.

आणि तुझ्या त्या आरोळ्या. तुला इंग्रजी येत नाही असं ठरलेलं होतं, तेव्हा माइक समोर आला की आपल्या भाषेत काहीतरी भयंकर बोल, असं तुला सांगितलेलं. तू डोळे गरगर फिरवत, छाती बडवत ओरडलास, "आई, कोको संपलाय, येणाऱ्या माणसाबरोबर पाठव, आणि फुआतिनोला सांग, माझी आंब्याखालची होडी कुणाला देऊ नकोस!" तिथल्या समालोचकाने लोकांना सांगितलं की महासरदार शत्रूचं रक्त प्यायची शपथ घेतोय. इथे आई टीव्हीला म्हणाली, पाठवते रे, ओरडू नकोस. होडी मी आधीच दिलेली होती, तो विषय वेगळा. पुढे कितीतरी वर्षं तू असाच घरी निरोप धाडलास. साऱ्या अमेरिकेला भीती वाटायची आणि आम्हाला तुझी खुशाली कळायची. टपालखात्याने त्यावरून काही शिकायला हरकत नव्हती.

हसायला सगळे होते, पण भोगायला काका. सोलिपोची जीभ तुला माहीत आहे. घराण्याचा वक्ता, बोलण्यासाठीच जन्माला आलेला, खांद्यावरची चवरी माश्यांसाठी आणि तोंड माणसांसाठी. भर सभेत त्याने काकांना अदबीने विचारलं, "तुआलांगी, शुक्रवारी अमेरिकेत टाम्पाला पाठ टेकली म्हणे आपली. आता बरं आहे ना?" काका म्हणाले, कंबर जरा धरलीय. सभा हसली, काकाही हसले. पण त्यानंतर टेप लागली की ते आपल्या घरात पाठ फिरवून बसायचे. आपल्या घरांना भिंती नसतात, त्यामुळे ती पाठ सगळ्या गावाला दिसायची.

ती तुलाही दिसली असावी, कारण चौथ्या वर्षी नाताळाला तू आलास आणि कुणालाही न सांगता आजीची ती लाल पिसांच्या काठाची चटई पेटाऱ्यातून काढून नेलीस. मी उजाडता नळावर जात होते, तेव्हा काकांच्या घरासमोर चटईखाली तुझा ढीग दिसला. खून झाला, अपघातात कुणी मेलं, तर माणसं अशी चटईखाली डोकं घालून माफीला बसतात. नाव उचलल्याबद्दल बसलेलं गावाने पहिल्यांदा पाहिलं. आणि कसं पाहिलं! आजीने चटई माणसाच्या मापाची विणली होती. डोकं झाकलं तर तुझे पाय उघडे पडत होते, गुडघ्यापासून खाली, अमेरिकेच्या कडक फळीवर झिजलेले ते दोन ओंडके. गावातली कुत्री येऊन हुंगून गेली. काका उठले, तोंड धुतलं, कोको प्यायले, परत मागून प्यायले. ऊन वर आलं. मी लांबून बघत होते आणि मला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं, जे मला शोभत नाही. मग काका खाली उतरले, चटई उचलली आणि म्हणाले, "ऊठ आता. तिथे तीन मोजायच्या आत उठतात ना? मी पहाटेपासून मोजतोय."

तू नाव बदलतो म्हणालास. करारात तेच नाव होतं, बदललं असतं तर काम सुटून घरी आला असतास. तेव्हा काकांनी जे सांगितलं ते मी नळाजवळून ऐकलं. हरायचं तर हर, म्हणाले, पण माझ्या नावाने कुणाची मान मोडू नकोस. एवढंच. मग तो आठवडा तू बिननावाच्या पोरांबरोबर मुखियांना जेवण वाढलंस, हात धुवायला पाणी फिरवलंस. सोलिपो मुद्दाम सावकाश हात धूत होता, म्हणाला, महासरदारांच्या हातचं पाणी आहे, घाई कशाला. तू वाकून तांब्या धरून उभा राहिलास. आपल्याकडे म्हणतात, अधिकाराची वाट सेवेतून जाते. ती वाट अरुंद असते हे म्हणणारे सांगत नाहीत, आणि तुझ्या मापाच्या माणसाला तर फारच.

त्या नाताळानंतर काकांची पाठ टीव्हीकडून वळली. पहिल्या चटईवर, अगदी पुढे येऊन बसायचे. ते कुस्ती बघत नसत, तुझा डावा हात बघत. तू कुणालाही डोक्यावर उचलून आपटलंस की खाली पडताना तुझा डावा पंजा त्याच्या मानेखाली सरकायचा. बघणाऱ्याला कळायचं नाही. काका बोट दाखवायचे, तो बघा, तो बघा. पुढे तुझ्या कंपनीतल्या नव्या पोरांनी म्हणे पहिली कुस्ती तुआलांगीशीच लावा, त्याच्याकडून पडलं तरी घरी गेल्यावर आई ओळखते, असं मागणं सुरू केलं. ते तू कधी सांगितलं नाहीस. तुझ्या बायकोने मला सांगितलं. तिच्याशी मी बोलते हे तुला आज कळलं असेल तर बरंच झालं.

आता बैठक, तुझ्या फोननंतरची. तिसरी. तुझं नाव पुन्हा निघाल्यावर सोलिपो काठीवर रेलून उभा राहिला. म्हातारा झालाय, पण जिभेला अजून सुरकुती नाही. म्हणाला, मुलगा भला आहे, वाद नाही. पण हे नाव त्याने वीस-बावीस वर्षं जगभर चीतपट करून आणलंय. असं वापरलेलं नाव आपण कुठल्या तोंडाने त्याच्या अंगावर घालायचं? तू फोनवर जे बोलला नाहीस ते तो बोलला, आणि तुझ्यापेक्षा चांगल्या भाषेत. मग सगळे माझ्याकडे वळले. घराण्याच्या लेकीने नको म्हटलं की नाव अडतं, आणि हो म्हटलं तरी तिने का म्हटलं ते सांगावं लागतं. एरवी माझं तोंड बंद कसं करावं याच्या काळजीत असणारी माणसं मी बोलावं म्हणून थांबली होती. हा आनंद मला पन्नाशीत मिळाला.

मी त्यांना काकांचं सांगितलं. शेवटच्या दिवसांत काका ओटीवर पडून असायचे, मी त्यांना नारळाच्या दुधातला तारोचा कंद कुसकरून भरवायची. एके दिवशी घास तोंडात ठेवूनच म्हणाले, "गावात इतकी नावं आहेत, सगळी पेटाऱ्यात जपलेली. कुणाची कधी परीक्षाच झाली नाही. माझंच नाव एवढं आपटून पाहिलंय. फुटत नाही. त्यालाच द्या." मग म्हणाले, मीठ कमी आहे.

सोलिपो गप्प बसलेला पाहून दोघातिघांनी त्याची तब्येत विचारली. मग त्याने चवरी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि म्हणाला, तुआलांगीने सांगितलंय तर मी सांगणारा कोण, माझं काम भाषणाचं. मी म्हटलं, एक अडचण उरते, त्याला मांडी घालता येत नाही. आणि सभेत पाय पसरून बसणं म्हणजे केवढा अपमान ते इथे कुणाला सांगायला नको. त्यावर सोलिपो माझ्यावर खेकसला, अगदी पूर्वीसारखा: "पाय झाकले की पसरायला चालतात, एवढं तुला माहीत नाही? आणि झाकायला काय, हे मला विचारतेस? घरात चटई नाही का तुमच्या?"

तर औकुसो, पत्र एवढ्यासाठी. तू नाही म्हणालास हे मी बैठकीत सांगितलेलं नाही. तुझ्या वतीने हो म्हणून बसले आहे. पोरांच्या सणाच्या, पांढऱ्या रविवारनंतरचा शनिवार ठरलाय, त्या डुकरिणीच्या पिल्लांचं भवितव्यही ठरलंय, आणि सोलिपो रोज समुद्राकडे तोंड करून तुझ्यासाठी भाषण घोटतोय. आजीची चटई मी काल उन्हात टाकली. एका कोपऱ्यात वाळवी लागली होती, तेवढा कोपरा मी पुन्हा विणला, वीण वाकडी आलीय, बोलू नकोस. त्या दिवशी तिने तुझं डोकं झाकलं होतं आणि पाय उघडे पडले होते. आता पाय झाकेल. डोकं उघडंच राहू दे, सगळ्यांना दिसायला हवं. काकांच्या खांबाला पाठ टेक. आयुष्यभर टेकलीस, ही शेवटची, आणि ही उभी. नाव पुकारलं की सावकाश, गुडघे म्हणतील तशी मान वर कर. इथे कुणी तीन मोजणार नाही.

कोको भाजून ठेवलाय. ओरडून मागायची गरज नाही.

तुझीच, होडी दुसऱ्याला देऊन टाकलेली बहीण,
फुआतिनो