दोऱ्यावरच्या गाठी

सांगली. गुरुवार, पौष, सन १९४६

बापूमामा आज बाजाराला आले ते दोरा घेऊनच. त्यांच्या मानेवर गाठ आलीय. मामी दर महिन्याला तिच्याभोवती तोच दोरा त्याच टोकापासून फिरवतात आणि घेर पुरा होतो तिथे दोऱ्याला गाठ मारतात. मी गणिताचा मास्तर, ही युक्ती माझीच.

माझी अटकळ अशी की सगळी गाठ आतून-बाहेरून दुपटीने वाढत असणार, म्हणजे दोऱ्यावरची अंतरंही वाढत जाणार. पट्टी लावली. अंतरं सारखीच! एकेका जवाएवढी. पुन्हा मोजली. सारखीच. असं का?

मामा हसले. "आरं मास्तरा, ऊस काय बुडाला वाढतो व्हय? शेंड्यालाच वाढतो की."

म्हणजे मानेवरच्या गाठीचीही वाढते ती नुसती साल? आत अन्नच पोचत नसेल? कुणी मांडलं असेल का हे गणित? त्या नादात कागदावर पुढच्या महिन्यांच्या दोऱ्यावरच्या गाठी मांडत सुटलो. दहा, पंधरा, वीस...

मामा वाकून बघत होते. "ह्यातली शेवटची कंची रं?"

पेन्सिल तिथंच थांबली.

उद्या त्यांना मिरजेच्या डॉक्टरांकडे नेतोय. दोरा माझ्याच खिशात राहिलाय. मामांनी तो परत मागितला नाही.