जाऊबाईंच्या घटातली माती

शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

नीतू आली! आणि काय आणलं? माती!

लोकांची नातवंडं अमेरिकेहून चाकलेट आणतात, सेंट आणतात. आमची बाई थैलीभर माती घेऊन उतरली. मातीला विमानात बसवलं! मी अजून बसले नाही. म्हणाली, "आजी, तूच फोनवर म्हणायचीस ना, तुझी माती दाखव एकदा." म्हणायचे खरं.

ती तिकडे मातीच शिकते. थंड डोंगरातलं रान, अर्धं वर्ष बर्फ. झाडं सरळसोट, पानांच्या जागी सुया, देवदाराच्या जातीची. फार मागे तिथला एक डोंगर फुटला म्हणे, आतली आग आभाळात उडाली आणि राख होऊन रानावर पडली. ती ही. राखेत खडेच खडे. एक उचलला तर वजनच नाही, लाही जशी! पाण्यात टाकला. तरंगला! परत टाकला. परत तरंगला! सून म्हणाली, "आई, चहा गार होतोय." होऊ दे की.

अशी माती आणता येत नाही म्हणे. हिनं भट्टीत भाजून, जंतू मारून, सरकारी कागद करून आणली. मग मला म्हणते, "आपली काळी माती पण आगीचीच आहे, आजी. फक्त खूप जुनी." म्हणजे दोघी बहिणीच झाल्या. आमच्या देवासच्या टेकरीवरच्या दोघी देवी, बडी माता आणि छोटी माता, तशाच. त्या पण भांडून वेगळ्या बसल्या असं सांगतात.

पोर वाळलीय. उद्या बाफले करते, कणकेचे गोळे उकडून, भाजून, तुपात बुडवून.

रविवार, १४ सप्टेंबर

राजाबाईचा फोन. माझी थोरली जाऊ. तोंडावर जाऊबाई म्हणते, इथं राजाबाईच लिहिणार.

"पोर आली म्हणे? माती चिवडायला विलायत गाठली बाई! बरं, नवरात्रात आण दर्शनाला. पण घटाच्या खोलीत नको हं. तुला ठाऊकच आहे."

ठाऊक नसायला काय झालं! नीतू सुनेच्या पोटात होती तेव्हाची गोष्ट. तेव्हा आमचा घट आमच्या घरी, त्यांचा त्यांच्या घरी. सासूबाई थोरल्या घरी राहायच्या, दोन्ही घटांचे गहू त्या एकाच डब्यातून काढून द्यायच्या. रीतच होती. ते गहू घेऊन राजाबाई स्वतः आली, माझ्या सुनेच्या ओंजळीत घातले. सुनेनं पेरले. एक कोंब आला नाही! दसऱ्याला त्यांच्याकडे हिरवंगार, आमच्याकडे काळी माती कोरीच्या कोरी. भरल्या भाऊकीत राजाबाई काय बोलली? "देवीनं हिच्या पोटाकडे पाठ केली." झालं. तेव्हापासून घट एकच, त्यांच्या घरी. आणि नीतू झाली तर तिचं नाव पडलं — कोऱ्या घटाची! बारशाला आलेल्या बायका हळूच म्हणायच्या, मी ऐकायचे. पोर सहा वर्षांची असताना घटाला हात लावायला गेली, तर राजाबाईनं हातावर फटका मारला. मी पाहिला तो फटका. माझ्या हातावर अजून आहे.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आज नीतूला विचारलं, "तुझ्या मातीत काय वाईट?" हसली. म्हणाली, "वाईट नाही गं, कंजूष आहे. खत घातलं की धरून बसते, झाडाला सोडतच नाही."

कंजूष! धरून बसते! अगदी राजाबाई! दोघींची गाठ घालून द्यायला पाहिजे.

घालूनच देते.

गुरुवार, १८ सप्टेंबर

देवी पावली. मागायच्या आधीच पावली!

राजाबाईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. काळा चष्मा, दिवसभर थेंब, वाकायची मनाई. फोनवर लोण्यासारखा आवाज — "सुमंगला, यंदा घटाची माती तूच आण गं. शेतातली, स्वच्छ. गहू मी माझ्या हातानं घालीन."

"आणते की जाऊबाई," म्हणलं. आवाजात साखर घातली. मला माझंच हसू येत होतं, तोंडावर पदर धरला. फोनवर कोणाला दिसतंय? तरी धरला.

रविवार, २१ सप्टेंबर

सर्वपित्री. पानं वाढून झाली, कावळा लवकर शिवला.

बागलीच्या वाटेवरचं आमचं शेत फत्तेसिंग वाटणीनं करतो. तो काळी माती गोणीत घेऊन आला. नीतू मैत्रिणीकडे इंदूरला गेली होती, तिची थैली घरातच. मी परात घेऊन बसले. खाली सगळी नीतूची, वर पातळ पातळ काळी. जशी पुरणपोळीला वरून पारी. फत्तेसिंग उकिडवा बसून बघत होता. चिमूट उचलली. "काकीजी, या माटी है के धानी?" माती की लाह्या, विचारतो.

"विलायती है. किसी से कहना मत."

"इसमें कंई उगेगा?"

"नहीं उगेगा," म्हणलं. "इसीलिए तो!"

त्यानं चिमूट परातीत परत टाकली. मग म्हणाला, "देवी का काम है काकीजी." देवी माझी पण आहे भिया. तिला पण समजतं कोणी काय केलं.

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसला. मी परडी उचलून ठेवली, हलकी फूल. राजाबाईनं बोटं खुपसली.

"हलकी कशी गं?"

"पाऊस फार झाला ना जाऊबाई, माती धुतली गेली."

"खडे पण आहेत."

"चाळायला वेळ कुठला?"

तिनं डब्यातून गहू घेतले, माती सारून पेरले, वर पाणी. पाणी घालायची हातोटी तिची — घालते तर घालतच राहते. दरवर्षी निम्मे गहू कुजवते आणि उरलेल्यांचं कौतुक करते. नीतू बाहेर ओसरीवर बसली होती, चपलांशेजारी. मी येताना तिच्याकडे पाहिलं आणि मनात म्हणलं, बस थोडी, बाई. दसऱ्याला बघ.

बुधवार, २४ सप्टेंबर

आरतीला गेले होते. परडी कोरी! राजाबाई वाकून वाकून बघत होती, डॉक्टरनं सांगितलेलं विसरून. प्रसादाची खीर फार छान झाली होती. दोन वाट्या खाल्ली.

गुरुवार, २५ सप्टेंबर

उगवले! मेले उगवले!

खीर नको म्हणलं.

शनिवार, २७ सप्टेंबर

उगवले कसले, उंडारलेत! सगळे एका उंचीचे, एक दाणा कुजला नाही. तिच्या मुलानं, कृष्णरावानं, फोटो काढून सगळ्या भाऊकीला धाडला. वर लिहिलं काय तर "ऐसा कभी नहीं हुआ." अरे नाही होणार! ही माती कोणाच्या बापजन्मात आली होती देवासला?

 फोटो बोटानं मोठा करून बघितला, एक कोंब पिवळा नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

न राहवून नीतूला सगळं सांगितलं. वाटलं रागावेल, तिची माती मी अशी लावली म्हणून. ती पोट धरून हसली. खाटेवरून पडायचीच बाकी!

"आजी! गव्हाला कोंब यायला मातीतलं खत लागतच नाही. दाण्यात त्याची शिदोरी असते. ओल्या फडक्यावर ठेवला तरी उगवतो. आणि या खड्यांत पाणी राहतं, हवा पण राहते. मोठ्या आजीनं कितीही पाणी ओतू दे, कुजणार कसे? तू तर तिला एक नंबर माती दिलीस!"

घ्या. वाईट करायला गेले, तेही धड जमलं नाही.

मग हसता हसता मलाच काही सुचलं. विचारलं, "मग आपला घट कोरा का राहिला होता? काळी माती तर कुठलेही कोंब काढते."

नीतू उठून बसली. म्हणाली, "दाणा मेलेला असेल. भाजलेला वगैरे."

भाजलेला.

ते गहू राजाबाईनं आणले होते. ओंजळीत घातले होते.

मंगळवार, ३० सप्टेंबर

अष्टमी. आरतीला गेले, टाळ्या वाजवल्या, तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं कोंब बघतेय. दसऱ्यापर्यंत गप्प राहायचं ठरवलंय. तोंड शिवून घेतल्यासारखं झालंय, माझ्यासारखीला केवढी शिक्षा!

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा.

भाऊकी भरली होती. राजाबाई मधोमध, काळा चष्मा, हिरवी पैठणी, आवाज ठणठणीत. "देवी बघतेच ना! कोणाच्या घरी नांदायचं तिला बरोबर कळतं!" कृष्णराव म्हणतो, "आई, ये तो कमाल हो गया!" बायका माना डोलावतात. नीतू ओसरीवर, चपलांशेजारी.

मी उठले. बाहेर जाऊन नीतूचा हात धरला, आत आणली, थेट घटापाशी. राजाबाई म्हणाली, "अगं अगं, हे काय —"

"माती तिची आहे," म्हणलं. जोरात म्हणलं. "खाली बोट घालून बघा. ज्या कोंबांवर तुम्ही फुगलात ते कोऱ्या घटाच्या पोरीच्या मातीत उगवलेत! तिच्या डोंगरातल्या राखेत!"

कृष्णरावानं बोट घातलं. पांढरे-करडे खडे बाहेर आले.

राजाबाई लाल झाली. "मातीनं काय होतंय? गहू जिवंत असले की कुठेही उगवतात!"

"आणि तेव्हाचे?" मी म्हणलं. "माझ्या सुनेच्या ओंजळीत तुम्ही घातले ते? ते का मेले होते, जाऊबाई?"

तिनं काळा चष्मा काढून पदरानं पुसला. मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा!

माझी सून ओच्याशी चाळा करत रडत होती. मीच कोंब खुडले, आधी तिच्या केसांत खोवले, मग नीतूच्या. नीतूचे केस कापलेले, राहीनात. कानामागे अडकवले. कोणी अडवलं नाही.

घरी येऊन पोटभर जेवले. दोन वाट्या बासुंदी. कोंब उगवल्यापासून खीर सोडली होती ना, तिची भरपाई.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सकाळीच राजाबाई आली. कृष्णरावाला दारात उभा करून एकटीच आत. बसली नाही. म्हणाली, "मी नव्हते गं भाजले. सासूबाईंना दिसत नव्हतं, त्यांनी सातूसाठी भाजलेल्या गव्हाचा डबा उघडला. दोन्ही घटांना तेच गेले. माझाही कोराच राहिला होता, सुमंगला. समोरच्या घरातले कोंब मागून आणून रोवले मी. भाऊकीला भ्याले. तुझ्यावर गेलं, ते जाऊ दिलं."

मग रडली. डॉक्टरनं डोळ्याला पाणी लावू नका सांगितलंय, तरी रडली.

चहा केला. साखर मुद्दाम घातली नाही. सगळा प्यायली.