मनूनं बोलायचं की नाही

मंगळ. ४, सातारा
तिकडच्या लढाईचा पाचवा दिवस. मनू होस्टेलच्या तळघरात, सोबत बावीस मुली. डॉक्टर व्हायला गेली अन् हे. सकाळी फोन. "बाबा, परदेशी टीव्हीवाली बाई आलीय. बोलू का?" नको म्हटलं. सव्वीस वर्षं फौजेत काढली, पत्रकारापुढं तोंड उघडलं नाही. वकिलातीचा हुकूम आहे, जागेवर थांबा. थांबायचं.
ही भडकली. "ती तुमची पलटण न्हाई, पोरगी हाय!"

बुध. ५
सांगलीच्या चौगुलेअण्णांचा फोन. बेदाण्याचे व्यापारी, त्यांचा सन्मती मनूच्याच कॉलेजात, दुसऱ्या होस्टेलला. तो बोलला त्या बाईशी. पाणी संपलं म्हणताना रडला. ते चॅनल दिवसभर तेच दाखवतंय, संध्याकाळी आपल्यांनीही उचललं. मनात म्हटलं, काय ही शोभा.

गुरु. ६
परवापर्यंत सरकारचं "परिस्थितीवर लक्ष" होतं. आज एकदम विमान! बस थेट सन्मतीच्या होस्टेलला. मनूचं होस्टेल तिथून दोन किलोमीटर, पण यादीत नाही. हेल्पलाइनवाला म्हणाला, "सर, आधी त्या टीव्हीवरच्या मुलांचा आदेश आलाय."
आदेश! आजवर मीच तिला हुकूम पाळ म्हणत आलो.

शुक्र. ७, सांगली
पहिल्या एसटीनं आलो. अण्णांनी पेढ्यांचा डबा पुढं केला, माझं तोंड बघून झाकला. सन्मतीकडून त्या बाईचा नंबर मागवून दिला. "आवं सुभेदार, मनाला लावून घिऊ नगा. तुमी शिस्तीत वागला." लय लागलं ते. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बाईला मेसेज केला. दोनदा.

शनि. ८, सातारा
दुपारी बाईचं उत्तर आलं. ती दुसऱ्या शहरात गेलीय. मुलींनीच तळघराचा व्हिडिओ पाठवला तर दाखवीन म्हणते. लगेच मनूला फोन. नशिबानं लागला. सगळं सांगितलं.
"बाबा, इथं वीज नाही. सगळ्यांचे फोन बंद पडले, माझा चार टक्के. व्हिडिओ करू, की आईशी बोलू?"
ही पीठ मळत होती. "थांब म्हणावं तिला, हात धुऊन आलेच."
"व्हिडिओ कर," म्हटलं अन् फोन ठेवला.
हिनं ओल्याच हातानं फोन मागितला. रेंज गेली म्हणालो.
तीन तास झाले. त्या चॅनलवर अजून काही नाही.