अर्ध्या भावाचा शनिवार

ता. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पाकिटावरचं माझं अक्षर बघूनच तू म्हटलं असशील, ठिणगीला काहीतरी हवं असणार. हवंच आहे. ह्यांच्या छापखान्यात आता आठवड्याला तीनच दिवस काम आहे आणि पगारही तीनच दिवसांचा. घरमालक काही ऐकत नाही, तेव्हा कात्री लागायची ती किराण्यालाच. आठवड्याचं सामान निम्म्या खर्चात बसवायचंय. तू तीस वर्षं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात दोनशे मुलींना जेवू घातलंस, मग आमची पाच पोटं तुला काय जड?

थोरलीला सात पूर्ण झाली. पानात पडेल ते मुकाट्याने खाते. मधला चार वर्षांचा, पण एक जेवण संपायच्या आत पुढचं कधी ते विचारतो. तान्ही सात महिन्यांची. माझं दूध आटलं, म्हणून तिला डब्याची पावडर लागते, आणि तो एक डबाच बाकीच्या सामानाच्या तोंडचा घास पळवतो. परवा हे म्हणाले की आपण दोघं एक वेळ जेवलो तरी भागेल. मी रागाने पातेलं आपटलं, त्याचा कान तुटला. नवं घ्यायची ऐपत नाही, म्हणून सध्या रागही जपून वापरतेय.

लवकर लिही. तुझा लोभ मात्र जुन्याच मापाने मोज, आमच्याकडची बाकी सगळी मापं लहान झालीत.

तुझी,
ठिणगी


ता. ९ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

कान तुटलेलं पातेलं फडक्याने धरता येतं. माझी निम्मी भांडी तशीच होती.

आता नीट ऐक. बाजारात उपाशीपोटी जाऊ नकोस आणि मधल्याला तर मुळीच नेऊ नकोस. आठवडाभर काय शिजणार ते आधी लिही, मग फळ्यांवर काय उरलंय ते बघून यादीतलं खोड. रंगीत पाकिटातलं काही घेऊ नकोस, पाकीट कोणी खात नाही. सुके वाटाणे, घेवडा, मसूर सुटे आण आणि भिजत घाल. मोठं पातेलं एकदाच शिजव. पहिल्या दिवशी भाताबरोबर, दुसऱ्या दिवशी बटाटे आणि पाणी वाढवून सूप. तिसऱ्या दिवसासाठी मधला काही उरू देणार नाही. भाजी बाजार उठताना घे. तेल बाटलीतून ओतू नकोस, चमच्याने घे. पण तान्हीच्या दुधात पाणी वाढवलंस तर मी तिथे येऊन तुला बदडेन.

आणखी एक. तुमच्या नदीकाठी धान्याचं मोठं गोदाम आहे ना? अशी गोदामं शनिवारी सकाळी फाटक्या पोत्यांतला माल आणि चेपलेले डबे अर्ध्या भावात काढतात. डब्यावरची तारीख तेवढी बघ. गर्दी असते, पण लाजू नकोस. माणसाला कोपरं दिलीत ती काही फक्त टेबलावर टेकायला नाहीत.

जावयांना आशीर्वाद. मुलांचे माझ्या वाटचे पापे घे, त्यांना काही खर्च येत नाही.

तुझी,
आत्या


ता. २० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

तुझ्या आत्येपणाचा विजय असो! अर्ध्या भावात आठवडा निघाला. एक डबा पावडर, तांदूळ, वाटाणे आणि पिठाची अर्धी पिशवी.

गोदामाचं शटर कमरेइतकं वर गेलं की लोक त्याच्याखालून सरपटत आत शिरतात. एका दाढीवाल्याने माझी वेणी धरून मला मागे खेचलं. मी त्याच्या मनगटाला चावले. रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही. मग कोणाचं तरी कोपर माझ्या तोंडावर बसलं. ओठ फाटला, खालचा एक दात हलतोय. पण पिशवी सुटली नाही! घरी ह्यांनी माझा चेहरा बघून खुर्चीच ओढली, मला बसवायला की स्वतःला, कोण जाणे. म्हणाले की पुढच्या वेळी ते जातील. मी म्हटलं, तुमच्याच्याने व्हायचं नाही, तुम्ही लोकांना वाट देता.

दात हलत असल्यामुळे मीही कमी खाते, म्हणजे बचत दुहेरी. काळजी करू नकोस, लोभ कर.

तुझी,
ठिणगी


ता. २६ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अ. आ.

पत्र तीनदा वाचलं. तू चावलीस ते मी समजू शकते. पण ज्या आनंदाने लिहिलंस, तो मला सोसला नाही. कोपरांची थट्टा मी केली, ती माझी चूक. ती परत घेते. या शनिवारी जाऊ नकोस. पावडरीच्या एका डब्यापुरते पैसे सोबत पाठवतेय, नाकारू नकोस.

काळजीत,
आत्या


ता. ३ मार्च

ती. आत्यास,

नमस्कार कोणत्या तोंडाने लिहू, कळत नाही. तुझं पत्र आणि पैसे सोमवारी मिळाले. शनिवार होऊन गेला होता.

थोरलीला बरोबर नेलं होतं. पिशव्या सांभाळायला तिला दाराच्या खांबापाशी उभं केलं आणि आत शिरले. चेपलेल्या मालाच्या फळीवर पावडरीचा एकच डबा उरला होता. मी हात घातला तेव्हाच पलीकडून एका म्हातारीनेही घातला. साठीची असेल, केस पांढरेशुभ्र. ती काहीतरी सांगत होती, गोंगाटात ऐकू आलं नाही. मी ओरडले, सोड. तिने सोडला नाही. मी हिसडा देऊन डबा ओढला आणि त्याच डब्याने तिच्या कपाळावर मारलं. एकदा नाही आत्या, दोनदा. पहिला हिसड्याने लागला असं म्हणता येईल. दुसरा मी मारला.

डब्याच्या कडेने भुवईवरची कातडी उघडली. तिच्या डोळ्यांत रक्त उतरलं. ती ओरडली नाही, खाली बसली आणि दोन्ही हातांनी जमीन चाचपडू लागली. लोक तिला ओलांडून जात होते. एकाचा बूट तिच्या बोटांवर पडला, तो आवाज मला ऐकू आला. मी पैसे दिले आणि बाहेर आले. थोरली सगळं बघत होती. 

संध्याकाळी पावाच्या शेवटच्या तुकड्यावरून दोघांचं जुंपलं. मी धावत गेले तेव्हा थोरलीच्या हातात डाव होता आणि मधला कान धरून लोळत होता. तिने दोनदा मारलं होतं. दुसऱ्यांदा का मारलंस, विचारलं. शांतपणे म्हणाली की पहिल्याने त्याने सोडला नाही.

 ह्यांनी डब्यावरचं रक्त तेवढं पुसून ठेवलं. डबा मी उघडलेला नाही. तान्हीला शेजारणीकडून उसनी पावडर आणून पाजली. आता तुझ्या पैशांतून नवा डबा घेतला आणि त्यातूनच तिची फेड केली.

काय करू ते सांग.

ठिणगी


ता. ८ मार्च

चि. ठिणगीस,

आशीर्वाद आहेत, पण आज ते शेवटी देणार.

वसतिगृहात माझ्या हाताखाली एक भांडीवाली होती. तिने दूध करपवलं म्हणून मी तापलेला झारा तिच्या हातावर हाणला. मनगट वाकडं झालं. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मला तिचं घर ठाऊक होतं. उद्या जाईन, उद्या जाईन म्हणता एकवीस वर्षं झाली. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही.

तू आजच जा. डबा घेऊन जा. पण माफी मागत बसू नकोस. ते म्हणजे तिच्याकडून आणखी काहीतरी मागणंच झालं. तिचं काय अडलंय ते बघ आणि तेवढं कर. थोरलीला कुठे जातेयस ते सांगून जा.

आता आशीर्वाद घे.

आत्या


ता. ११ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, कारण दुपारी मी इस्त्री करत असते. सांगते.

गोदामाच्या पहारेकऱ्याने तिला ओळखलं. कोपऱ्यावरची इस्त्रीवाली म्हणाला. गेले तेव्हा ती दुकानात बसली होती. कपाळाला सात टाके, एक डोळा अजून सुजलेला, उजव्या हाताची दोन बोटं एकत्र बांधलेली. मागे कपड्यांचे ढीग, आणि गिऱ्हाइकं आपापले कपडे तसेच परत नेत होती. तिने मला बघितलं, उठली आणि डाव्या हाताने अशी थोबाडीत दिली की कानात शिट्टी वाजली. मग दुसरी. मग तिसरी. रस्त्यातले लोक थांबले. मी हात खाली ठेवले. ठेवले म्हणजे पदर मुठीत धरून दाबून ठेवले, कारण ते वर येत होते.

चौथीला ती स्वतःच दमली. मी डबा पुढे केला. उघडलेला नाही हे बघून ती रडायला लागली, ते मला थोबाडीतांपेक्षा लागलं. तिची मुलगी गिरणीत दोन पाळ्या करते आणि चार महिन्यांचा नातू हिच्याकडे असतो. त्या दिवशी माझ्या ओरडण्यात मला ऐकू आलं नाही, ते ती हे सांगत होती: आपण अर्धा अर्धा वाटून घेऊ.

मी पुढे झाले. इस्त्री उचलली आणि वरचा सदरा घेतला. त्या दिवसापासून रोज दुपारी जाते. मनगटावर तीन चटके आहेत. ती माझ्याशी बोलते ते फक्त कॉलरची घडी चुकली की. गिऱ्हाइकं परत आली. पैसे तिचे, मी घेत नाही. थोरलीला सगळं सांगितलं होतं. एकदा तीही आली, दारात उभी राहिली आणि म्हातारीच्या कपाळाकडे बघत राहिली. मग आत येऊन नातवाची झोळी हलवू लागली. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं.

पंधरा दिवसांपूर्वी बोटं सुटी झाली, पण एक कायमचं वाकडं राहिलं. त्या दिवशी ती आपणहून बोलली. म्हणाली की शनिवारी त्या शटरखाली मरायला जातात ते मूर्ख, आणि त्यात मीही होते. पीठगिरणीच्या मागच्या दाराने अख्खं पोतं घेतलं तर भाव जवळपास तोच पडतो, फक्त एका घराला ते परवडत नाही. मग आम्ही पाच घरं जमवली. पीठ, तांदूळ, सुके वाटाणे पोत्याने येतात आणि तिच्या दुकानात मापाने वाटले जातात. पावडरीचं खोकंही थेट येतं. किराणा निम्म्याच्याही खाली आला. हे माप धरतात. वाट देणारा माणूस तिथे बरा पडतो.

आत्या, भांडीवालीचं घर अजून तिथेच असेल. तुला मी काय सांगणार, पण ती दार लावून घेईल म्हणून घरी बसू नकोस.

काल तांदळाचं नवं पोतं आलं. दुकानात आम्ही दोघीच होतो. माझ्याने राहवलं नाही, आणि तू नको म्हटलेलं तेच मी विचारलं, मला माफ केलंत का. ती म्हणाली की नाही, आणि करणारही नाही, वेणी घालताना कपाळ रोज दिसतं. मग पोत्याचं एक टोक पायाने माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली की बघत काय राहिलीस, धर, मला एकटीला उचलत नाही.

मुलांचे नमस्कार. माया असू दे.

तुझी,
ठिणगी