तुझ्या शेळ्या विकायला लावल्या, त्याबद्दल

आई, तू असतीस तर हा कागद दोनदा वाचून घेतला असतास. एकदा काय लिहिलंय ते कळावं म्हणून, आणि दुसऱ्यांदा वाचणाऱ्यानं पहिल्या वेळी तेच वाचलं होतं का, हे बघायला. रेशनची पावती असो की शाळेतली चिठ्ठी, तू समोर मांडी ठोकून बसायचीस आणि म्हणायचीस, "आता परत वाच." मला तेव्हा तुझी लाज वाटायची. आपल्या आईच्या मनात सगळ्या जगाबद्दल अढी आहे, असं मी मैत्रिणींना सांगायची. आता पन्नाशी ओलांडल्यावर मीही लोकांवर सहज विश्वास टाकत नाही. पण तू तोंडावर विचारायचीस आणि मी मनात ठेवते. तुझ्यात आणि माझ्यात एवढा फरक राहिलाच.

नव्वदनंतरची ती वर्षं आठव. नगरहून एका संस्थेची जीप यायला लागली होती. गावामागचा उघडाबोडका डोंगर त्यांनी बघितला आणि शाळेच्या ओट्यावर सभा घेतली. डोंगरावर चर खणायचे, झाडं लावायची, पाणी अडवायचं. तीन वर्षं वर ना शेरडू जाईल, ना विळा. गावानं हात वर करून चराईबंदी मान्य केली. माझाही हात वर होता. तुझा नव्हता, हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आपल्या वस्तीतल्या बायका नेहमीसारख्या मागे, विहाराच्या बाजूच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मग समिती झाली. समितीत एक बाई लागते आणि एक माणूस आपल्या वस्तीतला लागतो, असं जीपवाल्यांनी सांगितल्यावर मला घेतलं. मी बारावी झालेली, अक्षर चांगलं. मी हरखून घरी आले तर तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "एका दगडात दोन पक्षी मारले त्येंनी. काल तुला 'ए पोरी' म्हनत हुता, आज 'ताई' कसा म्हनाया लागला?" तो म्हणजे समितीचा अध्यक्ष. गावातला मोठा बागायतदार, ज्याच्या गोठ्यातलं शेणघाण तू रोज सकाळी काढायचीस.

"डोंगर कुनाचा?" तू विचारलंस. मी म्हटलं, गावाचा. "आन पानी अडल्यावर उतरनार कुनाच्या हिरीत? आपली हीर कुठंय?" मला तुझा राग आला. पण खरं सांगते, तुझ्या त्या प्रश्नातूनच मला पुढचं सुचलं. डोंगर बंद केल्यावर तिथल्या गवतावर पहिला हक्क भूमिहीनांचा असावा, आपल्या गावापुरता नाही, सरकारनंच तसा नियम करावा, असं निवेदन मी लिहायला घेतलं. जामखेडला जाऊन टाईप करून आणलं. बंदीचं दुसरं वर्ष संपता संपता नगरचे अधिकारी डोंगर बघायला येणार होते. त्यांच्या हातात ते द्यायचं आणि मी वाचून दाखवायचं, असं ठरलं. अध्यक्षाची सही तेवढी हवी होती.

तुझ्या चार शेळ्या आता दावणीला. तू बांधावरचा पाला, बाभळीच्या शेंगा, मिळेल ते आणतेस आणि रविवारी सगळ्यांबरोबर श्रमदानालाही येतेस. कुदळ मारताना कोणाशी बोलत नाहीस. मी कौतुकानं बघते आणि मनात म्हणते, बदलली बाई. मग दुसऱ्या वर्षीचा श्रावण येतो. मी मोरीचं पाणी टाकायला मागे जाते आणि आपल्या उकिरड्यावर, लेंड्यांच्या ढिगात, मला ते गवत दिसतं. बारक्या पिवळ्या फुलांचं. संस्थेनं त्याचं बी बाहेरून आणून डोंगरावर टाकलं होतं, गावात दुसरीकडे ते कुठेच नव्हतं. शेळीनं खाल्लं तर बी लेंडीतून बाहेर पडतं आणि उगवतं, हे आम्हाला शिबिरात शिकवलं होतं. राखण करणारी माणसं लोकांचे उकिरडे त्यासाठीच धुंडाळायची. तू चोरून शेळ्या वर नेतेस, ही खात्री मला एका क्षणात पटली. तुला विचारायचं सुचलं नाही, आई. मुठीनं ते गवत उपटून फेकणं सोपं होतं. पण उद्या कोणी म्हणायला नको की यांची माणसं समितीत बसून घरची चोरी झाकतात. म्हणून मी स्वतः जाऊन समितीला सांगितलं. मला त्याचा अभिमान वाटत होता, हेही लिहिते.

सभेत तू उभी आहेस. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. अध्यक्ष विचारतो, "बाई, डोंगरावर शेरडं घातली का न्हाई?"

"न्हाई घातली."

"मग बी काय उडून आलं?"

तू त्याच्याकडे बघतेस. मग माझ्याकडे. लोक खाली बघायला लागतात. "मला ठावं न्हाई," तू म्हणतेस आणि खाली बसतेस. त्याच सभेत ठरलं की या घरानं शेळ्या ठेवू नयेत, नाहीतर उद्या सगळेच वर चढतील. ठराव माझ्याच अक्षरात आहे. त्या आठवड्यात तू खर्ड्याच्या बाजाराला चारही शेळ्या चालवत नेल्यास आणि मोकळा दोर घेऊन परत आलीस. मी चहा ठेवला, तू घेतला नाहीस. माझं सगळं शिक्षण त्या शेळ्यांच्या दुधावर आणि करडांवर झालं होतं.

आठव्या दिवशी मी निवेदनावर सही घ्यायला अध्यक्षाच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं सांगितलं, मागं गोठ्यात आहेत. मी मागे गेले. गव्हाणीत हिरवंगार गवत होतं आणि त्यात पिवळी फुलं. कोपऱ्यात तसलेच दोन भारे बांधलेले. खाली गुरांनी खाऊन टाकलेल्या काड्यांचा ढीग होता आणि त्या ढिगाशेजारी आपली पाटी होती, तुटक्या काठाची. तू रोज सकाळी तिथून डोक्यावर पाटी घेऊन यायचीस, गुरांचं उरलंसुरलं शेळ्यांना टाकायचीस. त्या पाटीत काय असतं, हे मी घरात राहून एकदाही बघितलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालं होतं आणि फाशीचा दोर मी नेऊन दिला होता. अध्यक्ष अजिबात चपापला नाही. म्हणाला, "उलसं आनलंय ताई, दुभत्या म्हशीपुरतं. साहेब लोक येनार, त्येंच्या च्याला दूध नको का? कुठं करायची सई?"

मी बोट ठेवून जागा दाखवली. त्यानं सही केली.

घरी आल्यावर तू विचारलंस, "गोठ्यात गेल्तीस?" मी नाही म्हटलं. "बरं," तू म्हणालीस आणि ज्वारी निवडत राहिलीस. तुला कळलं होतं ना? आणि सभेत तू गप्प राहिलीस ती कशासाठी? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की गोठ्यातलं काम जाईल म्हणून तू भ्यालीस. आता मला माझाच संशय येतो. ते उत्तर मला सोयीचं होतं. तू कोणाला भ्यालेली मला तरी आठवत नाही. तुझ्या एका वाक्यानं अध्यक्ष अडकला असता, सही गेली असती, निवेदन गेलं असतं आणि तुझी पोरगी साहेबांसमोर उभी राहिली नसती. तू त्याकरता चार शेळ्या दिल्यास, असं मला आता वाटतं. आणि वाटलं की जेवण जात नाही.

निवेदन दिलं. फोटो निघाला. आपल्या गावात दोन वर्षं वस्तीला गवत कापायला मिळालं, नंतर त्याचा लिलाव व्हायला लागला आणि ते कोणाच्या गोठ्यात जातं हे तुला सांगायला नको. डोंगर हिरवा झाला, हे मात्र खरं आहे. विहिरींना पाणी आलं, तेही खरं. आपली विहीर तेव्हाही नव्हती.

मी याच कामात राहिले. तू जाऊन वीस वर्षं होत आली, मी अजून गावोगाव शिबिरं घेते, नियमांवर बोलते, समित्यांवर जाते. अधिकारी आले त्या दिवशी त्यांच्यातल्या एकानं विचारलं होतं, तुमच्याकडे बंदी कोणी मोडली नाही का? मी म्हटलं, एका घरानं मोडली होती, गावानं शेळ्या विकायला लावल्या. त्यांनी माना डोलावल्या, एकानं लिहून घेतलं. कोणाचं घर ते मी सांगितलं नाही. मग ती गोष्ट माझ्या तोंडी बसली. शिबिरात लोक पेंगायला लागले की मी ती सांगते आणि सगळे सावरून बसतात. हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, तुला पोचवायची तर सोयच नाही, म्हणून लिहिते. त्या गोष्टीच्या शेवटी मी म्हणते की त्या बाईनं सभेत उभं राहून चूक कबूल केली. तू कबूल केली नव्हतीस. गेल्या महिन्यात भंडारदऱ्याकडच्या एका गावात मी पुन्हा तसंच सांगितलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.