मुख्य चालक

३ तारीख, सोमवार
नोकरी पक्की. कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये. तयार कवळ्या दवाखान्यांत पोचवायच्या, एवढंच काम. अट एकच: सतरा तारखेपासून स्वतःची गाडी. गाडी आहे. दोन वर्षं शेडमध्ये उभी. वापरात नाही असं आरटीओला रीतसर कळवलेलं. विमा काढला की झालं. दोन दिवसांचं काम.

६ तारीख
विमा एजंटना चारही बाजूंचे फोटो हवेत. डावी बाजू भिंतीला चिकटलेली. तीन पाठवले. चौथी काही वेगळी नसणार.

७ तारीख
एजंट चौथीवर अडून बसले. ताई आणि मी गाडी ढकलली. हँडब्रेक ओढलेला आहे हे अर्ध्या तासाने लक्षात आलं. ताईला म्हणे आधीच कळलं होतं. "तू इतका मन लावून ढकलत होतास, बोलवेना." डाव्या दारावर लांबलचक ओरखडा. भिंत नीट बांधलेली नाही.

१० तारीख
मेकॅनिक आला. बॅटरी, दोन टायर, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. उंदरांच्या कामाबद्दल तो जरा जास्तच कौतुकाने बोलला. गाडी सुरू झाली. दमलो.

११ तारीख
हप्त्याचा आकडा आला. वय एकवीस, म्हणून तिप्पट. मी एजंटना सांगितलं, मी वयाच्या मानाने जबाबदार आहे. ते म्हणाले, अर्जात तसा रकाना नाही.

१२ तारीख, दुपारी
अक्कल चालवली. मुख्य चालक म्हणून बाबांचं नाव टाकलं. तीस वर्षांत एकही अपघात नाही. त्या वेगाला होणार कसा. 'इतर चालक' रिकामा सोडला. उगाच कंपनीच्या डोळ्यांवर कशाला यायचं. हप्ता एकदम उतरला. लोक अर्ज भरताना डोकं वापरत नाहीत.

१५ तारीख
पॉलिसी आली. मी चाळली, ताईने वाचली. बाबांशिवाय कुणी गाडी चालवली तर विमा नाही. एजंटना फोन केला. बदल होतो म्हणाले: नवा अर्ज, नवा हप्ता, किमान दहा दिवस.

१६ तारीख
बाबांना समजावलं, फक्त दहा दिवस. ते उठून बुटांना पॉलिश करत बसले.

१७ तारीख, संध्याकाळी सात
पहिला दिवस उत्तम. गाडी बाबांनी चालवली, डबे मी मांडीवर धरले. सात दवाखाने. एका डॉक्टरीणबाईंनी बाबांना चहा दिला. मी गाडीपाशी थांबलो. कुणीतरी थांबायला हवं. निघताना लॅबचे मालक बाबांना म्हणाले, "काका, उद्यापासून तुम्ही एकटे आलात तरी चालेल."
गाडीत बाबांनी आधी आरसा नीट केला. मग म्हणाले, "तुला विचारून सांगतो म्हटलंय."
मी म्हटलं, सांगा हो म्हणून. तात्पुरतंच आहे.

१८ तारीख
बाबा साडेआठला गेले. जाताना विचारलं, येताना काही आणायचंय का.