पेटी उत्तम चालते, आत काही नाही

निपाणी, बुधवार

तीर्थरूप अनुराधा आक्कास, धाकट्या धरणेंद्रचा जय जिनेंद्र आणि वाकून नमस्कार.

तुझे गुडघे आता कसे आहेत? दाजींची साखर? तुमच्या बेळगाव कॅम्पातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचा भात तोडला असं आमची प्रेमला म्हणत होती, ऐकून वाईट वाटलं. आमच्याकडे सगळे बरे आहेत, म्हणजे शरीरानं. फोन करायचा सोडून मी पत्र का लिहितोय असं तुला वाटेल. फोनवर तू मधेच "मग?" म्हणतेस आणि मला पुढचं सांगावं लागतं. पत्रात जरा लांबण लावता येते.

आक्का, आमच्या हॉलमध्ये टीव्हीखाली ती काळी पेटी आहे बघ (तिच्यावर तू एकदा चहाचा कप ठेवलास आणि मी चारचौघांत ओरडलो, त्याची आज माफी मागतो). वायफायला जोडलेली, पोटात दोन हार्ड डिस्क. सात वर्षांत सगळ्या पाहुण्यांचे फोटो, लग्नांचे व्हिडिओ आणि आईची गाणी मी तिच्यात भरली. चिकोडीपर्यंत जाऊन लोकांचे पेन ड्राइव्ह गोळा केले, आणि उतरवून झाल्यावर ते पुसून परत दिले. (पुसा असं कुणी म्हटलं नव्हतं. तीस वर्षं शाळेत फळा पुसल्याची सवय.) मोबाइलमध्ये जागा उरेना तेव्हा तिथली गाणीही काढून टाकली. आईला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल, त्या दिवशी सर्वांना तिचा आवाज ऐकवीन असं जाहीरही मीच केलंय.

तर पेटीच्या कंपनीचा निरोप आला की या मॉडेलला आता सुधारणा मिळणार नाहीत. पेटी नीट चालत होती. पण 'असुरक्षित' असा शब्द वाचल्यावर विज्ञान शिकवलेल्या माणसाला चैन पडत नाही. इंटरनेटवर कुणा परदेशी सद्गृहस्थानं लिहिलं होतं की कंपनीनं घातलेलं सॉफ्टवेअर काढून तिथं डेबियन नावाचं फुकटातलं लिनक्स बसवलं की पेटी अजून दहा वर्षं जगते. एकोणीस पायऱ्या होत्या. मी त्या छापून घेतल्या आणि लाल पेनानं अधोरेखित केल्या. चौथ्या पायरीला पेटी उघडून आत तीन तारा जोडायच्या होत्या, म्हणून स्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मष्णूकडे गेलो. त्यानं पेटी उलटसुलट करून बघितली.

"सर, चालतीया न्हवं ही?"

चालतेय, म्हटलं.

"मग कशाला उघडायची?"

याचं उत्तर मी त्याला वीस मिनिटं दिलं. त्यानं तेवढ्यात तारांना डाग देऊन त्या जोडल्या.

सहावी पायरी होती: महत्त्वाचं सगळं आधी दुसरीकडे उतरवून ठेवा. ती मी ओलांडली. माझ्या मते ते आधीच दोन ठिकाणी होतं. दोन डिस्क, म्हणजे दोन प्रती. तरीही काळजी म्हणून एक डिस्क काढून टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली (या दूरदृष्टीबद्दल मी स्वतःवर खूश होतो). पडद्यावर प्रश्न आला, ही डिस्क पूर्ण पुसू का? मी प्रेमलाला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं आणि तिच्यासमोर 'हो' दाबलं, कारण तिनं बघावं असं वाटलं. दुपारी साडेतीनला डेबियन उभं राहिलं. आक्का, इतकं देखणं चाललं होतं की मी पेढे आणायला चप्पल घातली होती. जाता जाता टॉवेलातली डिस्क जोडली, तर तिच्यातलं काहीच उघडेना. तासभर खटपट केली, तेव्हा आठवलं. सात वर्षांपूर्वी, जागा दुप्पट मिळते म्हणून, दोन्ही डिस्क जोडून मीच एक केली होती. प्रती नव्हत्याच. हिच्यात निम्मं, तिच्यात निम्मं.

प्रेमलानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आईंचा आवाज कुठल्या निम्म्यात हाय?"

आता कबुली देतो. गेल्या आठवड्यात मंगळवारी मी बेळगावला आलतो. तुझ्या घरापुढच्या चौकातून रिक्षानं गेलो, मान खाली घालून. पुसलेलं परत काढून देणारे एक गृहस्थ तिथं आहेत. त्यांनी दोन्ही डिस्क ठेवून घेतल्या आणि शुक्रवारी निकाल कन्नडमध्ये सांगितला, मग मला समजलं नसावं असं वाटून मराठीत, आणि शेवटी हळू आवाजात हिंदीत. (मला पहिल्यांदाच समजलं होतं.) चिकोडीच्या लग्नातली पंगत निघाली, पण कंबरेखालची. दाजींचा साठीचा फोटो नाकापर्यंत आलाय, पुढं राखाडी. आईची ती अर्धी कन्नड अर्धी मराठी गाणी, त्यांतलं एकही नाही. पाहुण्यांचे फोन येतात तेव्हा प्रेमला "हे भाईर गेल्यात" म्हणून सांगते आणि मी तिच्या शेजारीच बसलेला असतो. रोज संध्याकाळी पेटी लावून बघतो. उत्तम चालते. आत काही नाही.

दाजींना नमस्कार. फोटोचं त्यांना सांगू नकोस.

तुझा, भाऊ म्हणवून घ्यायला लाजणारा,
धरणू

ता. क. खरं काम राहिलंच. आईला टाइप करता येत नव्हतं, म्हणून ती तुला रोज सकाळी बोलून निरोप पाठवायची, मनात आलं तर गाऊनही. तुझा तो काच फुटलेला जुना फोन अजून आहे का? असला तर कुणाला देऊ नकोस, त्यातलं काही पुसू नकोस. रविवारी आम्ही दोघं येतो. फोन प्रेमलाच्या हातात दे. माझ्या हातात देऊ नकोस, मी मागितला तरी.

आणखी एक. वर 'काही नाही' लिहिलं ते तितकंसं खरं नाही. अकरा सेकंदं निघालीत. कढईचा आवाज येतोय, मी आईला गा, गा म्हणतोय, आणि ती म्हणते, "धरणू, ठिव रं ते खाली. आदी जेव." ती सेकंदं प्रेमलाच्या फोनमध्ये आहेत. फोनला तिनं नवा पासवर्ड घातलाय. मी मागितलं की ती लावून देते, संपेपर्यंत शेजारी बसते, आणि फोन परत घेते.